टॅग केलेला ताळेबंद : दाखल करण्याआधीची तपासणी

जुहू तारा रस्त्यावर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली हॉटेले, जुहू-पार्ले योजनेतल्या बंगल्यांतून चालणाऱ्या चित्रपटनिर्मिती कंपन्या आणि जुहू विमानतळावर पश्चिम विभागाचा तळ असलेली पवन हंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी, यांच्या व्यवसायांत साम्य शोधूनही सापडणार नाही. त्यांचे आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चलाच संपते, आणि ठरावीक मर्यादेपुढच्या प्रत्येक कंपनीला त्या वर्षाचा हिशेब केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे एकाच भाषेत सादर करावा लागतो. ही भाषा संगणकाने वाचण्यासाठी घडवलेली आहे. तिचे नाव एक्सबीआरएल, म्हणजे एक्स्टेन्सिबल बिझनेस रिपोर्टिंग लँग्वेज. या भाषेतला अहवाल दाखल होण्याआधी कसा तपासतात आणि यंत्राची तपासणी जिथे थांबते तिथून पुढे माणसाला काय करावे लागते, ते इथे पाहायचे आहे.

टॅग म्हणजे काय

जुहूतली एक काल्पनिक हॉटेल कंपनी घेऊ. तिच्या छापील ताळेबंदात ‘मालमत्ता, यंत्रे व उपकरणे : १,८४२.३६’ अशी ओळ आहे. वाचणाऱ्याची नजर आपसूक वर जाते. तिथे ‘रक्कम लाख रुपयांत’ असे लिहिलेले असते, स्तंभाच्या माथ्यावर तारीख असते, पानाच्या वर कंपनीचे नाव असते. हे संदर्भ डोळा न सांगता गोळा करतो. संगणकाला ते प्रत्येक आकड्याच्या गळ्यात बांधून द्यावे लागतात. म्हणून फाइलमध्ये हीच ओळ वेगळ्या रूपात जाते. मूल्य १८,४२,३६,००० असे पूर्ण रुपयांत लिहिले जाते. त्याला चार गोष्टी जोडल्या जातात : ही रक्कम कशाची आहे ते सांगणारे प्रमाणित नाव, कंपनीचा ओळख क्रमांक व तारीख, चलन, आणि अचूकतेची खूण. लाखातल्या दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा म्हणजे हजार रुपयांपर्यंत अचूक आकडा, त्यामुळे ही खूण ‘उणे ३’ अशी असते. या चौकडीसह आलेल्या एका आकड्याला ‘फॅक्ट’ म्हणतात आणि अशा शेकडो फॅक्टची मिळून बनलेली फाइल म्हणजे ‘इन्स्टन्स डॉक्युमेंट’.

प्रमाणित नावांचा कोश

नावे कोणती वापरायची हे कंपनी ठरवत नाही. मंत्रालयाने प्रसिद्ध केलेला कोश असतो, त्याला टॅक्सॉनॉमी म्हणतात. जुन्या लेखामानकांवर चालणाऱ्या कंपन्यांसाठी एक कोश आहे आणि ‘इंड एएस’ ही नवी मानके लागू असलेल्यांसाठी दुसरा. दोन्हींची मांडणी कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ३ ला धरून आहे. कोशात नुसती यादी नसते. कोणते नाव कोणाखाली येते, कोणत्या रकमा मिळून कोणती बेरीज होते आणि नावामागे कोणते मानक आहे, हे संबंधही त्यात नोंदलेले असतात. तपासणीचा सारा डोलारा याच संबंधांवर उभा आहे. अमेरिकेत कंपनीला कोशात नसलेले नवे नाव स्वतः घडवता येते. भारतात मंत्रालयाकडे दाखल होणाऱ्या अहवालात ती मुभा नाही. आपली वेगळी बाब जवळच्या नावाखाली घालायची आणि खुलासा तळटीपेत द्यायचा, एवढेच कंपनीच्या हाती राहते.

कागदापासून इथपर्यंत

२००६ मध्ये ‘एमसीए २१’ ही व्यवस्था सुरू होण्याआधी मुंबईतल्या कंपन्यांचे वार्षिक हिशेब मरीन ड्राइव्हवरच्या एव्हरेस्ट इमारतीत, कंपनी निबंधकाच्या कचेरीत, कागदावर पोहोचवले जात. त्यानंतर कागदाच्या जागी पीडीएफ आली, पण पीडीएफ हेही संगणकाच्या दृष्टीने चित्रच. दोन कंपन्यांची तुलना करायची तर कोणालातरी आकडे पुन्हा टंकावे लागत. या अडचणीवरचा तोडगा १९९८ मध्ये अमेरिकेतल्या टाकोमा शहरातील चार्ल्स हॉफमन या लेखापालाने सुचवला होता : आकडा जिथे जन्मतो तिथेच त्याला अर्थ जोडून द्यायचा. भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१०-११ या वर्षाच्या हिशेबांपासून ही पद्धत सक्तीची केली.

कोणाला लागू

२०१५ च्या नियमांनुसार सूचिबद्ध कंपन्या व त्यांच्या भारतीय उपकंपन्या, ५ कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या आणि १०० कोटी रुपये किंवा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्या या कक्षेत येतात. इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांची भर २०१७ मध्ये पडली. बँका, विमा कंपन्या, बिगरबँक वित्तीय कंपन्या आणि गृहवित्त कंपन्या यांना यातून वगळले आहे. एकदा कक्षेत आलेली कंपनी पुढे भांडवल वा उलाढाल घटली तरी बाहेर पडत नाही, ही तरतूद बऱ्याचदा नजरेतून सुटते. हिशेब वार्षिक सर्वसाधारण सभेपासून ३० दिवसांत ‘एओसी-४ एक्सबीआरएल’ या अर्जासोबत द्यावे लागतात. सभा बहुधा सप्टेंबरच्या अखेरीस होते, म्हणजे सगळा भार ऑक्टोबरवर येतो. दिवाळीही बहुतेक त्याच आठवड्यांत असते. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागतेच, शिवाय कलम १३७ खालचा दंड वेगळा.

यंत्राची तपासणी

मंत्रालय एक तपासणी-साधन विनामूल्य देते. ते आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचे आणि त्यात फाइल उघडायची. पहिल्या फेरीत फाइलची रचना कोशाशी जुळते का हे पाहिले जाते : नावे कोशातली आहेत का, सक्तीच्या जागा भरल्या आहेत का, तारखेच्या जागी तारीख आणि आकड्याच्या जागी आकडाच आहे का, घटकांची बेरीज एकूण रकमेशी मिळते का. दुसऱ्या फेरीला ‘प्री-स्क्रुटिनी’ म्हणतात. तिला इंटरनेट लागते, कारण ही तपासणी मंत्रालयाच्या सर्व्हरवर होते. त्यानंतर साधन फाइलची वाचता येण्याजोगी पीडीएफ काढून देते.

किती बारीक गोष्टींवर फाइल अडते याचे उदाहरण म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक. तो २१ चिन्हांचा असतो. पहिले अक्षर कंपनी सूचिबद्ध आहे की नाही ते सांगते. पुढचे ५ अंक व्यवसायाचे, जसा हॉटेलांसाठी ५५१०१. मग राज्याची दोन अक्षरे, स्थापनेचे वर्ष, कंपनीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे आणि शेवटी ६ अंकी नोंदणी क्रमांक. कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध झाली की पहिले अक्षर बदलते. गेल्या वर्षीची फाइल उघडून त्यावरच काम सुरू केले असेल, तर जुना क्रमांक प्रत्येक फॅक्टच्या संदर्भात तसाच राहतो.

दाखल करण्याआधी, आकडा जिथे तयार होतो तिथेच तपासणी झाली तर किती फरक पडतो, हे अमेरिकी बँकांच्या तिमाही अहवालांत दिसले. तिथल्या बँक नियामकांनी २००५ मध्ये एक्सबीआरएलवर आधारलेले मध्यवर्ती भांडार सुरू केले आणि बेरजांचे नियम बँकांच्या सॉफ्टवेअरमध्येच घातले. जुन्या पद्धतीत पहिल्याच खेपेला निकषांत बसणारे अहवाल ६६ टक्के होते, ते प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले.

बेरीज जुळूनही चूक

इथून पुढचा भाग खरा महत्त्वाचा आहे. यंत्राने ‘त्रुटी नाही’ म्हटले की काम संपले असे समजण्याची सवय फार खोल आहे, आणि ती घातक आहे. बेरजेची तपासणी आकड्यांचे एकमेकांशी असलेले नाते पाहते. सगळेच आकडे एकाच प्रमाणात चुकले तर नाते शाबूत राहते.

वरच्या हॉटेल कंपनीचेच पाहू. सॉफ्टवेअरमध्ये ‘लाख’ हा पर्याय निवडायचा राहून गेला आणि आकडे ‘पूर्ण रुपये’ म्हणून वाचले गेले. आता फाइलनुसार कंपनीची सारी यंत्रे व उपकरणे मिळून १,८४२ रुपये ३६ पैशांची झाली. देणीही लाखपटीने आक्रसली, भांडवलही. मालमत्तेची बेरीज भांडवल आणि देण्यांच्या बेरजेशी पैशापर्यंत जुळते. बेरजेच्या एकाही नियमाला खोट दिसत नाही.

ही चूक सापडते ती लाखात न मोजल्या जाणाऱ्या गोष्टीपाशी. समभागांची संख्या हे तिचे उत्तम ठिकाण. कंपनीने प्रत्येकी १० रुपयांचे ६०,००,००० समभाग दिले आहेत असे धरू. टिपांमध्ये ही संख्या पूर्ण आकड्यात असते. तिला दर्शनी किमतीने गुणले की भांडवल ६ कोटी रुपये यायला हवे. फाइल सांगते ६०० रुपये. एका गुणाकारात चूक उघडी पडते. प्रति समभाग मिळकतही याच कामाची, कारण ती नेहमी रुपयांत असते : नफ्याला समभागांच्या संख्येने भागून ती आली नाही, तर दोहोंपैकी एकाचे माप चुकलेले असते. तिसरा आधार बाहेरचा. मंत्रालयाच्या नोंदीत कंपनीचे भरणा झालेले भांडवल आधीच लिहिलेले असते, त्याच्याशी ताडून पाहता येते.

दोन वर्षांचे स्तंभ उलटे बसणे ही याच जातीची दुसरी चूक. चालू वर्षाच्या रकमांना मागच्या वर्षाची तारीख लागली आणि मागच्यांना चालू वर्षाची, तरी दोन्ही स्तंभांची बेरीज आपापल्या जागी बिनचूक राहते. ताळेबंदातला आकडा एका दिवसाचा असतो, ३१ मार्चचा. नफा-तोट्याचा आकडा १ एप्रिल ते ३१ मार्च या पूर्ण मुदतीचा. या दोन प्रकारच्या काळांना जोडणारा पूल म्हणजे रोख प्रवाह पत्रक. वर्षारंभीची रोकड म्हणजेच मागच्या ३१ मार्चची शिल्लक. म्हणून गेल्या वर्षी दाखल केलेली फाइल शेजारी उघडून मागील वर्षाचा प्रत्येक आकडा तिच्याशी मिळवून पाहतात. फरक दिसला तर तो चूकच असेल असे नाही. कंपनीने मागचे आकडे नव्या वर्गवारीत मांडले असतील, पण मग तसा खुलासा टिपांत असलाच पाहिजे.

कंसातल्या रकमा

रोख प्रवाह पत्रकात बाहेर गेलेला पैसा कंसात दाखवण्याचा प्रघात आहे. ‘यंत्रे व उपकरणांची खरेदी (४२.१५)’ असे छापलेले असते. टॅग करणारा कंस पाहून उणे चिन्ह लावतो, आणि इथेच फसतो. कोशातले नाव ‘खरेदी’ असे आहे. पैसा बाहेर गेला हा अर्थ नावातच आहे. बेरजेच्या नियमात त्या नावाला वजाबाकीचा भार दिलेला असतो. म्हणून मूल्य अधिक ४२,१५,००० असेच द्यावे लागते. उणे दिले तर उण्याचे उणे होऊन पैसा आत आल्याची नोंद होते. उलट ‘नफा किंवा तोटा’ हे नाव दोन्ही बाजूंनी चालते, तिथे तोटा उणेच लिहायचा. कागदावरचा कंस हा मांडणीचा संकेत आहे आणि फाइलमधले चिन्ह हा अर्थाचा भाग आहे, हे लक्षात घेतले की चिन्हांच्या बहुतेक चुका टळतात. शिवाय गुंतवणुकीच्या विभागाची बेरीज अशा चुकीने बिघडते, त्यामुळे निदान इथे यंत्राची साथ मिळते.

योग्य नावाची निवड

यंत्र ज्या बाबतीत पूर्ण आंधळे असते ती बाब म्हणजे नावाची निवड. जुहूच्या हॉटेलांतली सभागृहे लग्नसराईसाठी कित्येक महिने आधी आरक्षित होतात आणि मोठ्या रकमा आगाऊ जमा होतात. ३१ मार्चला त्या देणे म्हणून उभ्या असतात. कोशात ग्राहकांकडून आलेल्या आगाऊ रकमेसाठी स्वतंत्र नाव आहे. घाईत ती रक्कम ‘इतर चालू देणी’ या सर्वसमावेशक नावाखाली गेली तर बेरीज बिघडत नाही, त्रुटीही येत नाही. फक्त त्या उद्योगाच्या आगाऊ रकमा एकत्र करू पाहणाऱ्या विश्लेषकाला ही कंपनी दिसतच नाही.

चित्रपटनिर्मिती कंपनीपुढचा पेच याहून अवघड असतो. अर्धवट चित्रपटावर झालेला खर्च काही कंपन्या साठ्यात धरतात, काही अमूर्त मालमत्तेत. लेखामानकांच्या चौकटीत कोणता पर्याय बसतो हे कंपनीचे धोरण आणि तिचा लेखापरीक्षक ठरवतो. टॅग करणाऱ्याने त्याच निर्णयाच्या मागे जायचे असते. ‘प्रक्रियेतील माल’ हे नाव कारखान्याला शोभेसे आहे, तरी अपूर्ण चित्रपटाला त्याहून जवळचे नाव अनेकदा मिळत नाही. अशा ठिकाणी तळटीप म्हणजे कंपनीच्या व्यवसायाला फाइलमध्ये मिळालेली एकमेव स्वतःची जागा, म्हणून ती काळजीने लिहावी लागते. हेलिकॉप्टर कंपनीची घसाऱ्याची टीपही अशीच तपासावी लागते. कायद्याच्या अनुसूची २ मध्ये विमाने व हेलिकॉप्टर यांचे उपयुक्त आयुष्य २० वर्षे आणि बहुतेक मोटारगाड्यांचे ८ वर्षे धरले आहे. दोन्ही सरसकट ‘वाहने’ म्हणून एकत्र आली तर आयुष्याचा तपशील आणि घसाऱ्याचा आकडा एकमेकांशी बोलेनासे होतात.

शब्दांच्या टिपा

संचालकांचा अहवाल, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि लेखाधोरणे हा मजकूर सलग ठोकळ्यांच्या रूपात भरला जातो. वर्डमधून उचलून चिकटवताना तक्त्यांचे स्तंभ कोलमडतात, परिच्छेद तुटतो, कधी शेवटचे पान येतच नाही. ठोकळा रिकामा नाही एवढेच यंत्र पाहते. हे दोष साधनाने काढलेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांनीच दिसतात.

माणसाची जुळवणी

म्हणून शेवटची फेरी माणसांची. सनदी लेखापालांच्या कचेऱ्यांत ती बहुधा आर्टिकलशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांकडे येते. पार्ल्यातल्या महाविद्यालयांतून वाणिज्य शिकलेली कितीतरी मुले या कामात ऑक्टोबर घालवतात. एकाच्या हाती संचालकांनी सही केलेली मूळ प्रत, दुसऱ्याच्या पुढे साधनातून काढलेली पीडीएफ. एक आकडा मोठ्याने वाचतो, दुसरा आपल्या प्रतीवर रंगीत पेन्सिलीने टिक करतो. चालू वर्ष निळ्याने, मागचे वर्ष लालने, अशी काही ठिकाणी पद्धत असते. जिथे टिक पडत नाही तिथे गोल करून पुढे जायचे आणि शेवटी सगळे गोल एकत्र सोडवायचे. काम कंटाळवाणे आहे खरे, पण माप, वर्ष, चिन्ह आणि मजकूर या चारही चुका एकाच बैठकीत पकडणारा दुसरा उपाय नाही. या फेरीला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि मुदतीच्या रेट्यात नेमका तिचाच वेळ कापला जातो.

नावांची निवड मात्र विद्यार्थ्यावर सोडू नये. मूळ पत्रकातल्या प्रत्येक ओळीसमोर कोशातले नाव लिहिलेला तक्ता वरिष्ठाने वाचायचा असतो. तोही दरवर्षी नव्याने, कारण सॉफ्टवेअर मागच्या वर्षीची जोडणी जशीच्या तशी पुढे आणते आणि तिच्यासोबत मागच्या वर्षीची चूकही.

जबाबदारी कोणाची

लेखापरीक्षकाचे मत सही केलेल्या मूळ पत्रकांवर असते. टॅग केलेली फाइल त्या मताच्या कक्षेत येत नाही. अर्जावर संचालकाची डिजिटल सही होते आणि व्यवसायात असलेला सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल तो प्रमाणित करतो. मूळ पत्रके आणि फाइल यांतले साम्य या प्रमाणपत्रावर तोललेले आहे. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीला कलम ४४८ लागू होते आणि त्याची शिक्षा कलम ४४७ खाली, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली आहे. सरकारी कंपनीच्या बाबतीत आणखी एक दुवा जोडला जातो : नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अभिप्राय हिशेबांसोबत द्यावे लागतात, त्यामुळे ते हाती येईपर्यंत फाइल पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

शेअर बाजाराकडची वाट

सूचिबद्ध कंपनीला हेच काम दुसऱ्या दारातही करावे लागते. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार तिमाही निकाल व भागधारणेचा तपशील एक्सबीआरएलमध्ये मागतात. त्यासाठी ते एक्सेलची तयार फाइल देतात. आकडे भरायचे, तपासणीचे बटण दाबायचे, त्रुटी संपल्या की त्यातूनच अंतिम फाइल तयार होते. तिमाही निकालांना ४५ दिवसांची मुदत असते. मंत्रालयाचा कोश वेगळा, बाजाराचा साचा वेगळा. त्यामुळे मार्चअखेरचे वार्षिक आकडे दोन्हीकडे सारखे गेले आहेत का, ही ताडणी कंपनीने स्वतः करायची असते. कोणतेही साधन ती आपण होऊन करून देत नाही.

तपासणीच्या मर्यादा

या सगळ्या फेऱ्यांतून एकच गोष्ट सिद्ध होते : सही केलेल्या पत्रकात जे आहे तेच फाइलमध्ये आहे. हॉटेलच्या येण्यांपैकी किती बुडीत आहेत किंवा चित्रपटाचा खर्च कधी वसूल होणार आहे का, याचे उत्तर या तपासणीच्या आवाक्यात नाही. ते लेखापरीक्षणाचे काम. बंद कोशामुळे तुलना सोपी होते, पण निर्मिती कंपनी आणि साबण कारखाना एकाच साच्यात बसवताना बारकावे घासले जातात. पूर्णांकनाचा प्रश्नही उरतो. लाखात दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन केलेल्या तीन रकमांची बेरीज कधी ०.०१ ने चुकते, म्हणजे हजार रुपयांनी, आणि यंत्र तिच्यावर बोट ठेवते. अशा वेळी टॅग करणाऱ्याने परस्पर आकडा बदलून बेरीज जुळवू नये. मूळ पत्रकात जो आहे तोच आकडा जायला हवा, आणि फरकाचे कारण जुळवणीच्या कागदावर नोंदवून ठेवायचे.

अर्ज दाखल झाला की सेवा विनंती क्रमांक मिळतो आणि शुल्क भरून कोणालाही ते हिशेब पाहता येतात. कचेरीत टिकांनी भरलेली प्रत, नावांचा तक्ता आणि सोडवलेल्या गोलांची यादी एका फाइलमध्ये लावली जाते. पुढच्या ऑक्टोबरात काम सुरू होताना सर्वांत आधी तीच बाहेर काढतात.